कुस्ती घेऊन बेलापूरला

नव्या मुंबईला लोक नोकरीसाठी जातात, बदली होऊन जातात, कुणी मुलीकडे चार दिवस राहायला जातं. आम्ही तिघे तिथे एक कुस्ती घेऊन गेलो होतो. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट आहे.

मी तेव्हा हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवत होतो. शाळा ओढ्याच्या काठावर होती, अलीकडे चिंचवाडी, पलीकडे तळेवाडी. दोन्ही गावांची जत्रा एकच आणि जत्रेचा आखाडाही एकच. त्या वर्षी शेवटची कुस्ती लागली ती चिंचवाडीचा हणमंत आणि तळेवाडीचा दिलीप यांच्यात. दोघं लहानपणापासून एकाच तालमीत घुमलेले, एका ताटात जेवलेले. बराच वेळ खडाखडी चालली, मग दिलीपनं ढाक लावली, म्हणजे काखेत हात घालून कमरेवरून फेकायचा डाव टाकला. दोघं एकमेकांत गुंतून मातीत लोळले, धुरळा उडाला आणि पंचांनी दिलीपचा हात वर केला. चिंचवाडीचं म्हणणं पडलं की आधी दिलीपचीच पाठ लागली. तळेवाडी म्हणाली, डोळे तपासून घ्या. त्यावरून जे झालं ते सांगत बसत नाही, पण चांदीची गदा शेवटी दोघांनाही न देता शाळेत आणून ठेवली गेली. शाळेत कुलूप लागणारं कपाट एकच होतं, ते माझं. म्हणून वर्षभर मी जलरंगाच्या बाटल्या गदा बाजूला सारून काढत होतो.

गदेचं एक वेळ सोडा. हणमंतानं तालीम सोडली हे वाईट झालं. तो वडिलांच्या पिठाच्या गिरणीत बसायला लागला आणि बोलायचा बंद झाला. पुढच्या जत्रेला आखाडा भरवायचाच नाही, अशी भाषा दोन्हीकडे सुरू झाली.

पुरावा नव्हता असं नाही. तालुक्याच्या व्हिडिओवाल्यानं हौद्याच्या अगदी काठावर उभं राहून शूटिंग केलं होतं. पण ती कॅसेट नेमक्या जागी थांबवली की पडद्यावर पांढरे पट्टे थरथरायला लागत, आणि ते बरोबर खांद्यांवरून जात. थांबवून थांबवून टेप इतकी झिजली की दोन्ही पैलवान भुतांसारखे दिसू लागले. तेव्हा व्हिडिओवाल्यानं ती पुण्याला पाठवून तिची सीडी करून आणली आणि तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दोन्ही गावांना दाखवायचं ठरलं.

तिथे निराळाच प्रकार झाला. आवाज पुढे पळाला आणि चित्र लंगडत मागून येऊ लागलं. समालोचक 'चितपट' म्हणाला तेव्हा पडद्यावर दोघं अजून हात मिळवत होते. मग चित्रानं एकदम उडी मारली. आधी दोघं उभे, आणि पुढच्याच क्षणी पंच दिलीपचा हात वर करतोय. मधलं काही नाही. क्लासच्या सरांनी खुलासा केला की कॉम्प्युटरला एवढं झेपत नाही, म्हणून तो मधली चित्रं गाळतो.

"बरोबर तेवढाच घास बरा गिळला त्यानं," हणमंताचे वडील म्हणाले.

त्यांना सगळे आबा म्हणत. गिरणीमुळे त्यांच्या भुवयांवर कायम पिठाची साय असायची. बोलायचे कमी आणि विश्वास त्याहून कमी ठेवायचे. दिलीपच्या बाजूनं भांडत होते त्याचे मामा, नाना. ते एसटीतले निवृत्त कंडक्टर. बोलणं हा त्यांचा नोकरीतला सराव होता आणि निवृत्तीत तो सुटला नव्हता.

मला इक्बालची आठवण झाली. चित्रकलेच्या डिप्लोमाला आम्ही पुण्यात एका खोलीत राहिलो होतो. तो मूळचा श्रीवर्धनकडचा, आता बेलापूरला राहत होता, आणि त्याची बायको नसीम महापेच्या एका कंपनीत कॉम्प्युटर इंजिनिअर होती. एसटीडी बूथवरून फोन लावला. नसीमवहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या क्लासच्या मशीनमध्ये डीकोडर कार्ड नाही, म्हणून असं होतंय. माझ्याकडे आहे. घेऊन या कुस्ती, टेन्शन नको."

मग ठरलं. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस, आणि तिसरा मी. माझ्या बाजूला कुणी नव्हतं म्हणून मला निःपक्ष समजत.

शनिवार, बेलापूर

एसटीच्या प्रवासातलं सांगण्यासारखं थोडंच आहे. आबा आणि नाना वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे ते माझ्या दोन बाजूंना बसले आणि माझ्यामार्फत बोलले. "मास्तर, त्यांना सांगा, खिडकी लावा." "मास्तर, त्यांना सांगा, खिडकी गंजलीय." सीडी नानांच्या पिशवीत होती. आबांचा नानांवर विश्वास नव्हता, म्हणून पिशवी आबांच्या मांडीवर होती. आबांवर नानांचा विश्वास नव्हता, म्हणून पिशवीचा बंद नानांनी मनगटाला गुंडाळला होता. घाट उतरताना गाडी वळली की दोघं एकदमच माझ्यावर येत.

नाना गाडीतल्या कंडक्टरचं काम बारकाईनं बघत होते. खोपोलीच्या पुढे त्यांना राहवलं नाही. "घंटी अशी देत्यात का?" ते मला म्हणाले. "डायवरला वाटंल देवळात आलोय."

बेलापूरला उतरलो आणि पत्ता शोधायला लागलो. आमच्याकडे पत्ता म्हणजे मारुतीच्या देवळामागे, लिंबाच्या झाडाजवळ, खालच्या आळीला. इथे सेक्टर होता, प्लॉट होता, बिल्डिंगचा आकडा होता, दाराचा आकडा होता. सगळ्या इमारती एका साच्यातून काढल्यासारख्या. ज्या इमारतीवर आमचा आकडा होता तिच्या दारात एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी आमच्याकडे नीट बघितलं आणि सांगितलं की हा आकडा बरोबर आहे पण सेक्टर चुकलाय, आणि असे लोक रोज येतात.

"गावात माणसं राहत्यात का आकडे?" आबांनी मला विचारलं.

"त्यांना सांगा," नाना म्हणाले, "आकडा असला की बरं असतं. तिकिटाची स्टेज चुकत न्हाई."

हे म्हणून ते चुकीच्या जिन्यात शिरले.

इक्बाल शेवटी आम्हाला शोधत खालीच आला. तो जाड झाला होता, मी बारीक झालो होतो. आम्ही दोघांनी एकमेकांची कीव केली आणि वर गेलो. घरात तळलेल्या मासळीचा वास भरला होता. नसीमवहिनींनी तांदळाच्या पातळ भाकरी, सुरमईचं कालवण आणि वाफवलेली सांदणं केली होती. नाना ताटावर बसले, डोळे मिटून वास घेतला आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर दुःख उतरलं.

"शनिवार हाय," ते म्हणाले. "मारुतीचा वार. पैलवानाच्या घरातलं आमी."

"मग आधी सांगायचं ना," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी तेवढ्यात बटाट्याची भाजी टाकली. आबांना वार नव्हता. ते आयुष्यात पहिल्यांदा समुद्राची मासळी खात होते. प्रत्येक काटा ते ताटाच्या कडेला रांगेत मांडत गेले, आणि नानांना दिसेल अशा बेतानं सावकाश जेवले.

जेवण झाल्यावर नसीमवहिनींनी सीडी मागितली. नानांनी पिशवी सोडली, त्यातून डबा काढला, डब्यातून रुमाल, आणि रुमालातून सीडी. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. सीडीच्या चकचकीत बाजूवर तुपाची बोटं उमटली होती.

"लाडवात ठेवली?" वहिनींनी विचारलं.

"मऊ राहावी म्हणून," नाना म्हणाले.

वहिनी ती नळाखाली धरायला निघाल्या तेव्हा आबा उठून उभेच राहिले. "ताई, कुस्ती पुसून जाईल," ते म्हणाले. वहिनींनी त्यांना बेसिनजवळ नेलं आणि त्यांच्यासमोर साबणाच्या पाण्यानं सीडी धुऊन, मऊ फडक्यानं मधून बाहेर अशी पुसून दाखवली. आबांनी ती उजेडात धरली, उलटसुलट केली, आणि कुस्ती अजून आहे अशी खात्री झाल्यासारखी परत दिली.

कॉम्प्युटर त्यांनी झाकण काढूनच ठेवला होता. आत धुळीत हिरव्या पाट्या उभ्या होत्या. त्यातली एक दाखवून वहिनी म्हणाल्या, "हे कार्ड. यावरची ही मोठी चिप आहे ना, ती फक्त व्हिडिओ उलगडते. बाकी काही करत नाही. तुमच्या क्लासमध्ये सगळं मेन चिपवर पडतं. सीडी वाच, चित्र उलगड, आवाज काढ, पडद्यावर टाक. तिचा दम निघतो."

आबा वाकून बघत होते. "म्हणजे घरातल्या बाईनंच दळायचं, तिनंच थापायचं, तिनंच वाढायचं," ते म्हणाले. "पंगत बसल्यावर भाकरी कमी पडणारच. दळण गिरणीला दिलं की तिला सवड मिळती. ही गिरणी हाय."

नसीमवहिनींनी इक्बालकडे बघितलं. "मी ऑफिसात हे समजवायला अर्धा दिवस घालवला होता," त्या म्हणाल्या.

मग सीडी आत गेली आणि पडद्यावर एक गुलाबी चौकोन आला.

हलगी वाजत होती, समालोचक बोलत होता, शिट्ट्या ऐकू येत होत्या. सगळं आमच्या जत्रेचंच होतं. फक्त कुस्तीच्या जागी भडक गुलाबी चौकोन होता. वहिनी बटणं दाबत होत्या. आबा आणि नाना मात्र चौकोनाकडे बघून कुस्ती ऐकत राहिले. समालोचक म्हणाला, 'हणमंतानं पट काढला,' तेव्हा आबांची मान ताठ झाली. 'चितपट' आलं तेव्हा नानांनी मांडीवर थाप मारली. आबा मला म्हणाले, "त्यांना सांगा, रंगाला कसली पाठ अन् कसलं पोट."

"चित्र या गुलाबी जागेतच बसायला पाहिजे," वहिनी म्हणाल्या. "पण या कार्डाला ग्राफिक्सच्या कार्डाशी जोडणारी एक चपटी वायर लागते. ती..." त्या थांबल्या. "ती मी ऑफिसातल्या गायकवाडला दिली होती."

गायकवाड घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहत होता. ऑफिसातल्या दुसऱ्या एकाला फोन केला तेव्हा कळलं, गायकवाड लग्नासाठी जालन्याला आपल्या गावी गेला होता. पण जाताना त्यानं वायर घरमालकांकडे ठेवली होती.

रविवार सकाळ, घणसोली

सकाळी इक्बाल आम्हाला घेऊन निघाला. बेलापूरच्या स्टेशनाच्या डोक्यावर कचेऱ्यांची अख्खी इमारत बांधलेली बघून नानांना फार बरं वाटलं. आमच्या एसटी स्टँडवर असं काही केलं असतं तर साहेब लोकांना गाडी चुकण्याचं कारण उरलं नसतं, असं त्यांचं मत पडलं.

घणसोली गावात शिरलो आणि आबांचा चेहरा सैल झाला. इथे बोळ होते, ओटे होते, कोंबड्या होत्या, आणि पत्त्यात आकडा नव्हता. घराला घर चिकटलेलं, वरच्या मजल्यांवर भाडेकरूंचे कपडे वाळत होते. गायकवाडचे घरमालक पाटीलकाका ओट्यावरच बसले होते. पांढऱ्या मिशा, रुंद छाती आणि मोडलेले कान. ते कान बघूनच नाना थबकले. असे कान मातीतच होतात.

"कोन पायजे?" त्यांनी विचारलं.

इक्बालनं वायरीचं सांगितलं. नानांनी कुस्तीचं सांगितलं. वायर बाजूलाच राहिली.

"ढाक लावली? कशी लावली?" पाटीलकाका म्हणाले. "आमी इथं पयले मिठागरावर काम करायचो आनि सांजचे आखाड्यात. ढाक मला शिकवू नका. दाखवा कशी लावली."

नाना तोंडानं दाखवायला लागले. काकांना तोंडानं चालेना. ते ओट्यावरून उतरले, नानांच्या काखेत हात घातला, मान धरली आणि म्हणाले, "अशी?"

"अश्शीच," नाना घुसमटत म्हणाले, आणि पुढच्या क्षणी ते अंगणात उताणे होते. काकांनी त्यांना इतकं अलगद ठेवलं होतं की टोपीसुद्धा पडली नाही, पण ठेवलं मात्र पूर्ण. कोंबड्या उडाल्या. आतून काकू धावत आल्या आणि आधी काकांना रागावल्या, मग आम्हाला.

आबा खाली वाकून नानांचे दोन्ही खांदे तपासत होते. "मास्तर, त्यांना सांगा," ते म्हणाले, "ह्याला चितपट म्हनत्यात."

आणि मग आबा हसले. वर्षभरात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. नाना उताणेच होते. तेही हसायला लागले, कारण त्या अवस्थेत दुसरं काही करता येत नव्हतं. आबांनी हात दिला, नानांनी तो धरला. उठल्यावर दोघांच्या लक्षात आलं आणि दोघांनी हात सोडले.

काकूंनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. नानांचा वार सुटला होता, त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. निघताना काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली वायर दिली. "काय निकाल लागेल तो गायकवाड परत आला का त्याला सांगा," ते म्हणाले. "तो मला सांगंल. पन आता मला बी झोप नाय."

रविवार दुपार, परत बेलापूर

वायर बसली. गुलाबी चौकोन क्षणभर आला, आणि मग त्याच्या जागी आमचा आखाडा उघडला.

मी चित्रकलेचा माणूस. खरं सांगतो, मला कुस्तीचा विसर पडला. लाल माती लाल दिसत होती. माणसं तुटत नव्हती, अडखळत नव्हती. आवाज आणि ओठ बरोबर चालत होते. मागच्या गर्दीत आमचे हेडमास्तर शेंगा खाताना दिसले. नाना म्हणाले, "टीव्हीपेक्षा बेस हाय." आबा पुढे सरकून बसले.

"दोन-चार वर्षांनी हे कार्ड भंगारात जाईल," नसीमवहिनी म्हणाल्या. "नवीन ग्राफिक्स चिप येतायत, त्या हे काम आपणच करतात. मेन चिप पण तगड्या होतायत. वेगळं काही लावावंच लागणार नाही."

"म्हणजे गिरणी घरातच येनार," आबा म्हणाले. त्यांच्या धंद्याला हे लागू होतं की नाही याचा ते विचार करत असावेत.

मग वहिनींनी ढाकेच्या जरा आधी चित्र थांबवलं. पट्टे नाहीत, थरथर नाही. फोटोसारखं स्वच्छ उभं राहिलं. एक बटण दाबलं की एक चित्र पुढे. प्रत्येक सेकंदात पंचवीस चित्रं असतात आणि यातलं एकही गळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पण त्या सरळ स्वभावाच्या. पुढे म्हणाल्या, "तसं सगळी चित्रं पूर्ण साठवलेली नसतात हां. अधूनमधून एक पूर्ण असतं. मधल्यांत आधीपेक्षा काय हललं तेवढंच लिहिलेलं असतं. चिप ते जोडून चित्र उभं करते."

आबांनी संशयानं त्या हिरव्या पाटीकडे बघितलं.

"हे कंडक्टरच्या वेबिलासारखं झालं," नाना म्हणाले. त्यांना विषय सापडला होता. "मोठ्या स्टँडवर सगळे पॅसेंजर मोजायचे. फुडं थांब्यावर चढले किती, उतरले किती तेवढंच लिहायचं. गाडीत किती हायत ते बरोबर निघतं."

"आन मधी कुणी बिनतिकिटाचा बसला तर?" आबांनी विचारलं. मला नव्हे, थेट नानांना.

नानांनी मिनिटभर विचार केला. "तर फुडच्या मोठ्या स्टँडला सापडतो," ते म्हणाले.

"अगदी बरोबर," वहिनी म्हणाल्या. "चिप आपल्या मनाचं काही घालत नाही. चालेल?"

आबांनी मान हलवली. एक बटण, एक चित्र.

दिलीपचा हात हणमंताच्या काखेतून गेला. कंबर वळली. हणमंताचे पाय सुटले. माती उडाली तिथे चित्राचे बारीक चौकोन झाले. नाना म्हणाले, "माती हाय का विटा?" वहिनींनी सांगितलं की सीडी करताना जागा अपुरी पडते, फार हललं की असं दिसतं. पुढचं चित्र. हणमंत हवेत आडवा. पुढचं. डावा खांदा मातीत.

"उजवा वर हाय," आबा म्हणाले.

पुढचं चित्र. उजवा अजून वर. पुढचं. दिलीपचं अंग वळायला लागलं, त्याची पाठ मातीकडे झाली.

"हे बगा," आबा उठले. "हे मी सांगत हुतो. त्याचीच पाठ."

"लागली कुठं? लागू द्या," नाना म्हणाले.

पुढचं. हणमंताचा उजवा खांदा मातीत रुतला. दोन्ही खांदे. अगदी स्वच्छ. दिलीपची पाठ मातीपासून वीतभर वर. त्याच्या पुढच्या चित्रात तोही लोळला, पण तोवर कुस्ती संपली होती.

मला वाटलं नाना आता शड्डू ठोकणार. त्यांनी हात उचललाही होता. पण मी मात्र दुसरीकडेच बघत होतो. मनुष्याकृती काढताना आम्ही मुलांना पहिलं शिकवतो ते हे, की हात मोजा, कुणाचा कुठून येतो ते बघा. त्या चित्रात एका हाताचा मेळ मला लागत नव्हता.

"वहिनी, जरा मागे घ्या," मी म्हणालो. "आणखी मागे. हा डावा पंजा कुणाचा?"

हणमंताच्या डोक्याखाली एक पंजा होता. आम्ही मागे मागे गेलो. दिलीपनं ढाकेत हणमंताचा दंड आवळून धरला होता, तो डाव्या हातानं. हणमंत हवेत असताना त्याची मान वाकडी होऊन डोकं आधी खाली जायला लागलं होतं. एका चित्रात दिलीपची पकड घट्ट होती. पुढच्या चित्रात ती सुटलेली. त्याच्या पुढच्यात पंजा हणमंताच्या डोक्याखाली सरकत होता. पकड सोडली म्हणूनच दिलीपचा तोल गेला होता आणि त्याची पाठ मातीकडे वळली होती. ज्या पाठीवरून दोन गावं वर्षभर भांडली ती पाठ त्यामुळे वळली होती.

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं त्याचा आवाज येत होता.

"परत," आबा म्हणाले.

वहिनींनी परत दाखवलं.

"परत."

चौथ्या-पाचव्या वेळी आबांनी पडद्यावर बोट ठेवलं, बरोबर त्या पंज्यावर. "मान गेली असती," ते म्हणाले. "पोराची मान गेली असती."

नाना खाली बसले होते. "बोलला न्हाई कधी," ते म्हणाले. "गाढव. मला बी न्हाई बोलला."

इक्बाल उठून चहा करायला गेला. त्याला चहा येत नाही हे मला होस्टेलपासून माहीत होतं, पण त्या वेळी तो सगळ्यांनी प्यायला.

नंतर पुराव्याचा प्रश्न आला. हे गावाला दाखवायचं कसं? तिथे तर हे कार्ड नाही. वहिनींनी पडदा आहे तसा प्रिंटरवर काढायचा घाट घातला. प्रिंटर बराच वेळ कुरकुरला आणि कागद बाहेर आला. त्यावर खिडक्या होत्या, बटणं होती, वरची पट्टी होती, आणि कुस्तीच्या जागी काळा ठोकळा. दुसरा कागद काढला, तसाच ठोकळा. वहिनींनी कपाळाला हात लावला. कार्ड चित्र थेट पडद्यावर सोडतं, कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे त्याच्याकडे छापायला फक्त रिकामी जागा असते. पडद्यावरचं आपल्याला दिसतं, कॉम्प्युटरला नाही.

इक्बालनं आपला कॅमेरा काढून पडद्याचा फोटो घेतला. तो रोल पुढे धुऊन आला तेव्हा कळलं की फ्लॅश बंद करायचा राहिला होता; फोटोत एक पांढरा गोळा आणि काचेत उमटलेले नाना एवढंच आहे. रोल धुऊन येईपर्यंत मी चित्र काढून देतो, असं मी म्हणालो.

"नको," आबा म्हणाले. "मास्तरानं मनाचं काढलं म्हनतील. मी सांगतो. माझ्या तोंडून ऐकलं की चिंचवाडी दुसरं काय विचारनार न्हाई."

सोमवार, परतीची वाट

सकाळी निघालो. वहिनींनी सांदणं बांधून दिली, सीडीला वेगळी प्लास्टिकची डबी दिली, आणि नानांना बजावलं की दोन्ही एकत्र करू नका. खारघरवरून जाताना इक्बाल पनवेलच्या स्टँडपर्यंत सोडायला बरोबर होता. त्यानं खिडकीतून डोंगराखालचं गवत दाखवून सांगितलं की इथे मोठं शहर होणार आहे, कॉलेजं, उंच इमारती. नानांनी गवताकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "थांबा कुठं देनार?"

पनवेलच्या पुढे आबा आणि नाना शेजारी बसले. मला खिडकी मिळाली. दोघं फार बोलले असं नाही, पण जे बोलले ते परस्पर बोलले.

गदेचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. ती त्याच आठवड्यात आबांनी चार माणसांत दिलीपच्या हातात दिली आणि माझ्या बाटल्यांना जागा झाली. पण मला सांगायचंय ते सोमवारी संध्याकाळचं.

एसटी आधी चिंचवाडीला थांबते. आबा उतरले नाहीत. तळेवाडीला आमच्याबरोबर उतरले आणि सरळ नानांच्या बहिणीच्या दारात गेले. दिलीप गोठ्यात धार काढत होता. आबांना बघून तो उभा राहिला, चरवी हातातच.

"त्याच्या डोक्याखाली हात का घातलास?" आबांनी विचारलं.

दिलीपला आधी समजलं नाही. मग त्यानं मान खाली घातली. "मान अवघडली हुती त्याची, आबा. रोज त्याच्यासंगं लढतो, कळतं की."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"जिंकल्यावर कसं सांगायचं?" तो म्हणाला. "उपकार केल्यावानी वाटतं."

आबांनी त्याला चल म्हटलं. आम्ही चौघे ओढा ओलांडून चिंचवाडीत गेलो. गिरणी चालू होती, दारात दळणाला बायका उभ्या होत्या. आत हणमंत सुपातून धान्य सोडत होता, पार पांढरा झालेला. दिलीपला बघून त्यानं पट्टा उतरवला. गिरणी थांबली. एवढी शांतता झाली की बायकाही आत डोकावल्या.

"दिल्यानं तुझी मान धरली हुती," आबा म्हणाले. "मी डोळ्यानं बघून आलो. तुझे दोन्ही खांदे लागले हुते."

हणमंतानं हात पुसले.

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "माझंच डोकं हुतं, आबा. त्याचा हात मला लागला न्हवता का?"

नाना ओट्यावर टेकले. तीन दिवसांत आम्ही ओलांडलेला घाट, ते सेक्टर, तो गुलाबी चौकोन, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"मग वरीसभर गप का बसलास?" आबांनी विचारलं.

"तुमी माझ्यासाठी साऱ्या गावाशी भांडत हुता," हणमंत म्हणाला. "बापाला खोटं कसं पाडायचं? आन दिल्यापुढं तरी कुठल्या तोंडानं जायचं?"

आबांनी खुंटीवरची आपली जुनी बंडी काढून अंगात चढवली.

"दिल्या, तालीम किती वाजता असती आता?"

"असती ह्याच वक्ताला, आबा."

"मग ह्याला घेऊन जा," आबा म्हणाले आणि पट्टा चढवायला वाकले. "दळण मी बघतो."